राजवाड्यात, गवत बदलायला

आम्ही मागच्या दारानं आत गेलो,
कारण कूलर मागच्या बाजूला असतात,
राजवाड्याचेही.

एप्रिलचा दुसरा आठवडा, पारा त्रेचाळीस.
बाबांच्या सायकलच्या कॅरियरवर गवताचे सहा गठ्ठे,
हँडलला खसची पेंडी, ओल्या फडक्यात बांधलेली.
गोळीबार चौकापासून महालापर्यंत
एक थंड वास आमच्या मागं चालत आला
आणि बडकस चौकात स्कूटरवरचा एक माणूस
डोळे मिटून थांबला,
सिग्नल हिरवा झाला तरी.

पहारेकरी उईके म्हणाला, चपला काढा.
मग स्वतःच म्हणाला, राहू द्या, आंगण पोळते.

राजवाडा म्हणजे उंच असेल, असं मला वाटलेलं.
होताही.
पण आधी दिसल्या त्या वायरी,
कोरीव खांबाला खिळे ठोकून वर नेलेल्या,
आणि भिंतीवरच्या वाघाच्या कानामागचं भोक,
त्यातून डोकावणारा भुसा.
आमच्या गठ्ठ्यातल्यासारखाच.

बाबांनी जाळ्या उतरवल्या.
गेल्या वर्षीचं गवत काळं पडलेलं, क्षारानं कडक,
त्यात पारव्याचं पीस, एका टिकलीचं पाकीट.
मी जुनं उपसलं, त्यांनी नवं पसरलं,
विरळ नको, दाट नको, वारा अडायला नको.
बावीस वर्षं मागावर बसलेला माणूस
गवतही ताण्यासारखं लावतो.
आमच्या घरात मागाचा खड्डा होता.
आता तिथं सिमेंट आहे आणि वर फ्रिज.

पंप सुरू झाला. पाणी झिरपलं.
दरबाराच्या दालनात खसचा वास शिरला
तसा उईकेनं शर्टाचं वरचं बटण सोडलं,
म्हणाला, पाहून घ्या आता सारं, कोणी नाही.
आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
"हे सारं मागून आलं बरं का. आमचा राजा आधीचा."

तलवारी पाहिल्या. पालखी पाहिली.
चांदीच्या अत्तरदाणीत मेलेली माशी पाहिली.
बाबा कशाजवळ थांबले नाहीत.
मग एका काचेच्या पेटीपाशी त्यांनी
हात पुन्हा एकदा प्यांटीला पुसले,
जसं काही कुणी तो शेला
त्यांच्या हातात देणार होतं.

मी पाटी वाचून दाखवली. हो, म्हणाले.
त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मोजत होते.
बारा, तेरा, काठावरची रुईफुलं,
काचेवर बोट न टेकवता सरकत गेले
आणि थांबले.
"इथं."

एक फूल अर्ध्या घरानं सरकलेलं.
पुढची सगळी बरोबर.

"झोप आली असन. नाहीतर पोरगं रडलं असन.
उसवाले वेळ नसन, दसरा तोंडावर."

मी विचारलं, ज्यानं घेतला त्याला दिसलं नसेल?

"त्याले कायले दिसते?
हा काठ पाठीवर येते.
मागं चालणाऱ्यालेच दिसते तो."

उईकेही आला, वाकला, त्याला काही दिसेना.
बाबांनी पुन्हा दाखवलं. पुन्हा नाही.
तिसऱ्यांदा तो हो म्हणाला,
ते खरं होतं का मला माहीत नाही,
पण त्यानंतर तो पेटीच्या बाजूलाच
खुर्ची ओढून बसला.

सहा कूलरचे पैसे मोजून घेतले.
परतताना बाबा सायकलवर बसले नाहीत.
हातात धरून चालले, रिकाम्या कॅरियरची,
आणि मधेच हसले, एकटेच,
बेलाच्या सरबताचा ग्लास तोंडाला लावताना
इतके, की सांडलं.

रात्री आईला सांगताना
राजवाड्याचं काहीच सांगितलं नाही.
फक्त दोन बोटांत अंतर धरलं.
एवढं. अर्धं घर.

आई वांगं चिरत होती. मान वर न करता म्हणाली,
"मजुरी कापली असन त्याची."

बाबा काही बोलले नाहीत.
बोटं तशीच धरून बसले,
कूलरच्या वाऱ्यात.