पाठीमागची बाजू

दहीपुलाच्या उतारावर माझं फ्रेमिंगचं दुकान.
देव, लग्नं, निवृत्तीचे सत्कार,
आणि ज्यांना हार घालायचे ते.
काच दोन मिलिमीटर, मागे हार्डबोर्ड, दोन कड्या, सुतळी.

मंगळवारी टेम्पोतून एक खोकं उतरलं, चौघांनी धरून.
गंगापूर धरणाकडच्या वाइनरीवाल्या बर्वेसाहेबांचं.
"घानाचं आहे. चौकट तेवढी बदला.
पुढून हात नको."

पुढून नको, म्हणून मागून बघितलं.
चौकटवाला चित्र मागूनच वाचतो.

लेबलं. आक्रा, लंडन, दुबई.
प्रत्येकावर नवा शिक्का, नवा लॉट नंबर.
ड्रायव्हर भाव सांगत होता,
गावागणिक चढत गेलेला,
जसं पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीला
आधी गुडघा, मग कंबर, मग छाती,
आणि आपण पुलावर उभं राहून नुसतं
लागलं, लागलं म्हणतो.

सगळ्यांत खाली, लाकडावरच, शिसपेन्सिलीनं:
अबेना. एक तारीख. एक आकडा,
खोडून परत लिहिलेला, थोडा कमी करून.
हे अक्षर मला येत नव्हतं, खोडणं येत होतं.
गिऱ्हाईक दारात उभं असताना
मीही असंच खोडतो.

"तीन वर्षांत दुप्पट," ड्रायव्हर म्हणाला.
तोवर पिंपांशेजारी, थंड खोलीत,
तोंड भिंतीकडे करून.
मी कडेचं लाकूड चाचपलं.
कडी नाही, दोरीचा घासा नाही.
पाच वर्षांत हे चित्र
एकदाही भिंतीला लागलेलं नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढलं.
इरफान म्हणाला, चाचा, पडलं तर
दुकान विकूनही भरपाई व्हायची नाही.
मग त्यानंच शिडी धरली.
आठ सालच्या पुराची रेघ आहे भिंतीवर,
तिच्या वर हातभर.
डावीकडे कोणाचा तरी गणपती,
उजवीकडे कोणाचे तरी वडील,
दीड वर्षं झालं, न्यायला कोणी आलं नाही.

मधे ती.
पिवळ्या भिंतीपुढं, शिलाई मशीनवर,
अंगाचा काळा निळ्यातून वर आलेला,
ओठांत दोन टाचण्या,
आणि नजर अशी, की आपणच मापाला आलोय.

समोरच्या चिवडेवाल्या शैलाताई
दुकान बंद करता करता डोकावल्या.
भाव विचारला नाही.
म्हणाल्या, "पाठ भरून आली असेल हो हिची.
स्टूल केवढं ठेंगणं दिलंय."

सकाळी उतरवलं. सागाची चौकट,
बिल बेचाळीसशे.
बर्वेसाहेबांनी चार हजार दिले.

लेबलांच्या रांगेत थोडी जागा होती.
रबरी शिक्का मारला: दहीपूल, नाशिक.
खाली पेन्सिलीनं लिहिलं:
एक रात्र भिंतीवर होतं.

खिळा तसाच ठेवलाय.
इरफान त्याला मोजपट्टी अडकवतो.