सोडचिठ्ठी

कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सवाल्याला लागून माझं टेबल.
तीन भाषांत टाईप करतो.
कन्नडला पानामागं पाच रुपये जास्त.
कन्नड पक्षकारांना सांगतो, मराठीला पाच जास्त.

गेल्या वर्षी इथंच मष्णू तोराळकरचा करार टाईप केला.
जांबोटीच्या पलीकडचा पोरगा, फास्ट बॉलर.
लीगमधली टीम. मालक बेंगळूरचा,
टीमला नाव तेवढं आमच्या गावाचं.
एकवीस पानं इंग्रजी.
तो वाचत नव्हता, कागदाच्या कडेवरून बोट फिरवत होता,
चेंडूची शिवण चाचपावी तसं.

कलम अकरा मी मोठ्यानं सांगितलं:
परवानगीशिवाय दुसरीकडं खेळायचं नाही.
"आणि गावच्या यात्रेतलं?"
हुदली मास्तर शेजारी उभे होते, टीमचे कोच.
म्हणाले, "यात्रेत खेळ की, तम्मा. नानु हेळतेनि. मी सांगतो त्यांना."
एवढं एक वाक्य कागदावर आलं नाही.
मी सही कुठं करायची ते दाखवत होतो.

जानेवारीत मास्तरांना काढलं.
पत्रकात लिहिलं होतं, परस्पर संमतीनं.
खरंच आहे,
संमती परस्परच घेतली होती.

नवा कोच आला तो लॅपटॉप घेऊन.
मष्णूची सतरा पावलं बारावर आणली,
हात कानाजवळून काढून
आकृतीत बसवला.
महिन्यात खांदा धरला.
तशा खांद्यानं पोरगा यात्रेला गेला,
ट्रॅक्टरच्या उजेडात, टेनिस बॉलनं,
सतरा पावलं मोजून दोन ओव्हर.
बक्षिसाचा बोकड कुठल्या गावाला गेला माहीत नाही.
कुणाच्या तरी मोबाईलमधली चौदा सेकंदं मात्र
बेंगळूरला पोचली.

आता नोटीस आली आहे.
उरलेली रक्कम मिळणार नाही,
आणि सोडणारही नाही.
दुसरी टीम दारात उभी, तर म्हणे आधी रिलीज लेटर आणा.
"ह्याला मराठीत काय म्हणायचं?" मष्णू विचारतो.
मी सवयीनं म्हणतो, सोडचिठ्ठी.
"लगीन तरी कुठं झालंय?" तो हसतो,
खांदा न हलवता.

बैलहोंगलच्या बसनं मास्तर आले.
पिशवीत त्यांचाही करार, त्यांचेही चार महिन्यांचे पैसे अडकलेले.
मी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
नाव सोडून सगळं तेच.
सातव्या पानावर एका शब्दात एक अक्षर जास्त,
दोघांच्याही.
ती चूक माझी. फॉर्म माझ्याच कॉम्प्युटरमधला.

मास्तर चहा बशीत ओतत बसले.
नेटमध्ये ते एकच शब्द ओरडायचे,
हात वर गेला की, नेमक्या त्या क्षणी:
बिडु!
सोड.
आज तोच शब्द हळू म्हणाले,
"बिडो, तम्मा. जाऊ दे. वर्ष जाईल, खांदा तरी राहील."
मष्णू काही बोलला नाही.
रिकाम्या मुठीत दोन बोटं शिवणीवर धरल्यासारखी.

मग माझ्याकडं वळला.
"तुम्ही ऐकलं होतं की त्या दिवशी."

वकील म्हणतात, टायपिस्टला कान नसतात,
असले तर धंदा बसतो.
टीमचे कागद अजून माझ्याकडंच येतात,
दर सीझनला चाळीस-एक.

झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढलं.
मी कोरं पान उघडलं.
मी, अनंत बाळकृष्ण किणेकर, वय एकसष्ट, धंदा टायपिंग,
शपथेवर लिहून देतो की
माझ्यासमक्ष हुदली मास्तर म्हणाले

आणि इथं बोट थांबलं.
मास्तर अर्धं मराठीत बोलले होते, अर्धं कन्नडात.
मधे कुठं ओलांडलं, ते त्यांनाही आठवेना.