यादीत नसलेली मोटर

बे सिटी, मिशिगन. मार्चमधला शनिवार.
शाळेच्या जिमच्या दारात
बुटांवरून गळलेलं रस्त्याचं मीठ,
आणि आत बास्केटबॉलच्या रेघांवर
बेचाळीस रोबो, ढकलगाड्यांवर आडवे,
वॉर्डातल्या पेशंटसारखे.
माझ्या अंगात तपासनीसाचं पिवळं जॅकेट,
हातात यादी:
वजन, उंची, तारेची जाडी, फ्यूज, मोटर.
मोटरपाशी मी जरा रेंगाळते.

इचलकरंजीत माझा काका
यंत्रमागांच्या मोटरी भरून द्यायचा.
जळकी मोटर आली की आधी नाकाशी धरायचा.
"एक फेज गेलेली असताना चालवलीय लेकाच्यानं,
आणि म्हणतोय, आपोआप जळली."
त्या नाकाला कधी डेटाशीट लागली नाही.

इथे लागते.

कोपऱ्यातलं टेबल. टेगन नोवाकोव्स्की,
दातांना तारा, नखांत ग्रीस.
"लेबल कुठाय?"
"पुसलं गेलं."
"मोटर कुठली?"
"कपाटात होती. आमच्या आधीच्यांच्या आधीच्यांची."
पाठीवर नुसता डिंक उरलेला,
त्याला कुणाचा तरी लांब केस चिकटलेला.

बारा व्होल्ट, ठीक.
शाफ्ट यादीप्रमाणे आठ मिलिमीटर हवा.
माझा व्हर्नियर म्हणतो सात पूर्णांक चौऱ्याण्णव.
म्हणजे पाच-सोळांश इंच.
म्हणजे ही ती नव्हेच,
तिची चुलत बहीण.

तेव्हा ती वही काढते.
"माहिती कुठेच सापडेना. मग मीच मोजली."
एक लाकडी दांडी, पट्टा,
आणि आजोबांचा मासे तोलायचा काटा,
गोठलेल्या उपसागरावर वॉलाय लटकवायचा तो.
पौंड आणि औंसांतून तिने टॉर्क काढलाय.
आलेखावर अकरा ठिपके,
दहा एका उताराच्या रेघेवर,
आणि अकरावा खाली, बाजूला,
पंगतीतून उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.

"हा काय?"
"तिथे धूर आला."
"मग खोडला का नाहीस?"
"आला होता ना."

तीस वर्षं मी कारखान्यांत
छापील आकडे पाहिलेत, कडक इस्त्रीचे.
त्यातल्या एकालाही कधी धूर आला नव्हता.
मोटर उचलून नाकाशी धरली.
वार्निश. आधी गोडसर, मग घशाशी कडू.
ठिपका खरा होता.

अडवलेली मोटर सगळ्यात जास्त करंट खाते,
जागच्या जागी, एक फेरासुद्धा न मारता,
हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं.
वहीत होतं. दोनदा अधोरेखित.

मग मी मोटरच्या चौकटीत फुली मारली.

"माझे आकडे चुकले?"
"नाही. आकडे बरोबर आहेत.
मोटर यादीत नाही."
हे वाक्य मी मनात मराठीत म्हणून पाहिलं.
तिथेही ते तेवढंच ओशाळवाणं निघालं.

ती रडली वगैरे नाही. पाना मागितला.
शेजारच्या टीमने लेबलवाली मोटर उसनी दिली.
तिचा शाफ्ट सहा शतांश मिलिमीटरने अडत होता,
पॉलिश पेपर, थुंकी, एक शिवी
(मी ऐकली नाही),
आणि चाळीस मिनिटांनी
मी फुलीभोवती गोल काढून सही केली.

दुपारी तिसऱ्या फेरीत त्यांचा रोबो
भिंतीला टेकला आणि थिजला.
चाकं अडलेली, करंट चालू.
सगळी टीम ओरडत होती, दाब, अजून दाब,
आणि या सगळ्यांच्या वरून तिचा एकटीचा आवाज:
"सोड! दोनच सेकंद आहेत, सोड!"

मुलाने अंगठा उचलला.

मी कठड्याशी उभी होते, नाक वर करून.
एक. दोन. तीन.
नुसता पॉपकॉर्नचा वास.