घोडमुळा

घोडचूक माहीत होती.
घोडनवरी तर मी स्वतःच,
छत्तिसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली.
आता हा घोडमुळा:
नाव मीच ठेवलं, पर्शोरच्या माझ्या ओट्यावर,
शेजारच्या रॉय ट्रँटरनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला तेव्हा,
मातीसकट, हातभर लांब.
म्हणाले, दोनदा हिम पडून गेलंय,
आता आलाय त्याच्यात दम.

ब्रशने घासला. सोलला. आत पांढराशुभ्र,
आणि वास? काहीच नाही.
साळसूद. लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या
दूरच्या आत्येसारखा,
जिला अजून कुणी डिवचलेलं नाही.

मग किसणी.
पहिल्या चार फेऱ्यांत शांत.
पाचवीला
नाकातून थेट टाळूपर्यंत सुई.
मिरची जिभेवर बसून भांडते,
हा जिभेला विचारतही नाही,
मागच्या दाराने शिरतो कपाळात.
खिडकी उघडली, दार उघडलं,
डोळे मनगटाला पुसले.
दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात
लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते,
म्हणते, जरासं झोंबेल हं.
किती खोटं बोलते.

शेवगा आठवला.
बार्शीला, पोस्टाच्या क्वार्टर्समागे,
वादळात उन्मळला तेव्हा
सदाफुले पोस्टमननी मुळाची साल काढून
माझ्या नाकाखाली धरली होती:
हाच, अगदी हाच झणका.
मी आठ वर्षांची, शिंकून शिंकून बेजार.
इतक्या वर्षांनी तो नाकालाच आठवला, मला नाही.

ट्रँटर मात्र स्टुलावर ठणठणीत कोरडे.
दोन हिवाळ्यांमागच्या तापात त्यांचा वास गेला.
टोस्ट जळतो, कळत नाही;
मुलीने भिंतीवर गॅसचा भोंगा लावून दिलाय.
कॉफी म्हणजे गरम, म्हणाले.
सूप म्हणजे गरम आणि जाड.
आणि थांब, व्हिनेगर नको एवढ्यात.
व्हिनेगर पडलं की तो तिथेच थांबतो,
जेवढा चिडलाय तेवढ्यावर.
एक मिनिट थांबलीस तर पाहुण्यांसाठी,
चार थांबलीस तर मेव्हण्यासाठी.
आम्ही साडेचार थांबलो.

मग व्हिनेगर चमचाभर, मीठ,
चिमूट साखर, नखभर मोहरीची पूड,
आणि डब्यातली घट्ट क्रीम,
फेटायची नाही, नुसती फिरवायची
कोशिंबिरीत दही फिरवतो तशी.
साय सगळ्यांची समजूत घालते.
हा समजूत घालून घेणारा नव्हे;
वाटीत पांढरा होऊन
दबा धरून बसला.

चमचा त्यांच्या हाती दिला.
खाल्ला, औषध घ्यावं तसा.
थांबले.
आधी कान लाल झाले, मग नाक,
मग टेबलाची कड धरून असे शिंकले
की मांडणीवरची पातेली वाजली.
डोळ्यांतून घळाघळा.
मी पाण्याला उठले, तर हाताने खूण: नको.
"आला," म्हणाले. एवढंच.

तो वास नव्हता, हे त्यांना ठाऊक, मलाही.
वासाची वाट वेगळी, झोंबण्याची वेगळी.
पण दोन वर्षं बंद असलेल्या घराची
कुणीतरी कडी वाजवली होती.
दुसरा चमचा त्यांनी न विचारता घेतला.

रविवारी त्यांच्या ताटात भाजलेलं बीफ,
माझ्या ताटात उकडलेलं बीट, बटाटा,
मध्ये बरणी.
दोन आठवडे टिकतं म्हणतात.
गुरुवारी संपलं.

बरणी धुऊन परत आली.
रिकामं भांडं परत देऊ नये
हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे:
आत बोटाएवढे मुळाचे तीन तुकडे
आणि चिठ्ठी. बादलीतच लाव.
जमिनीत गेला तर तू घर विकलंस
तरी हा जायचा नाही.

बादली आणली होती, मोठी, निळी.
सध्या तिच्यात कपड्यांचे चिमटे असतात.