दंडाची आतली बाजू

गॅसची टाकी द्यायला आलेला पोरगा
भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला,
"मुलगा का, मावशी?"
मी पैसे मोजत होते. मोजणी चुकली.

फोटोतला माणूस माझा नवरा.
तेहतिसाव्या वर्षी थांबला तो,
कॉलरचं बटण लावलेला, भांग ओला.
त्याच्या जागेवर मी गँगमध्ये लागले,
भुसावळच्या यार्डापुढे, तापीच्या पुलाकडच्या अंगाला,
आणि वयाने वाढत राहिले.
तोंड जरा जास्तच भराभर वाढलं.

मे महिन्यात आमची उन्हाळी गस्त,
बारा ते चार, ऐन भरात.
रुळावर थर्मामीटर ठेवायचा, आकडा वहीत लिहायचा.
बासष्ट. चौसष्ट.
रूळ फुगतो, म्हणून सांध्यात फट सोडलेली असते,
त्याच्या काळजीला साहेब असतो, तक्ता असतो.
माझ्या कपाळाचं तापमान
कुठल्याच वहीत नाही.

डॉक्टर फिरकेबाईंच्या दवाखान्यात
कंपाउंडरने न विचारताच लिहिलं: वय पंचावन्न.
म्हटलं, खोडा. एक्केचाळीस.
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि खाडाखोड नको म्हणून नवा कागदच घेतला.

बाई भिंग घेऊन जवळ आल्या.
डोळ्यांच्या कडा, कपाळ, मान,
जिथे कातडी केळीच्या वाळल्या सोपटासारखी.
"बाही वर करा," म्हणाल्या.
दंड उलटा केला, आतली बाजू दिव्याखाली धरली.

तिथे होते मी.
गव्हाळ, मऊ, एकही रेघ नाही,
हळद लागली त्या दिवशी होते तशी.
"हे तुमचं खरं वय," बाई म्हणाल्या,
"बाकीचं उन्हाने लिहिलंय,
तुम्हाला न विचारता."

मी पिशवीतली ट्यूब काढून दाखवली,
मेडिकलवाल्याने दिलेली, आठवड्यात गोरं करणारी.
बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. सरळ कचऱ्याच्या डब्यात.
"हिनेच कातडी पातळ केली, माय."
मग सांगत गेल्या:
सकाळी दोन बोटं भरून क्रीम, तोंडाला आणि मानेला,
दुपारी घाम पुसून पुन्हा.
रात्री दुसरी, हरभऱ्याच्या दाण्याएवढीच, दिवसाआड.
आधी सोलवटेल, आग होईल, घाबरायचं नाही.
पूर्ण बाह्या. काठाची टोपी.
"आणि सगळं परत येईल?"
"सगळं नाही. पुढचं थांबवू. मागचं थोडं उजळेल."
खोटं बोलल्या असत्या
तर मी पुन्हा तिकडे फिरकले नसते.

पहिल्या दिवशी पांढरं तोंड घेऊन कामावर गेले.
गँग हसली. मुकादम सपकाळे म्हणाला,
"तायडेबाई, लगीन हाय का कुठी?"
पंधरा दिवसांनी तोच सपकाळे
डबा खाताना बाजूला आला, शर्टाची कॉलर खाली ओढली.
मानेवर चौकोन चौकोन पडलेले,
उन्हाळ्यातल्या तापीच्या गाळासारखे.
मी काही बोलले नाही. दोन बोटं भरून दिलं.
"बायकोले सांगजो नको," एवढंच म्हणाला.

आता पाचवा महिना.
सोलवटणं सरलं. कपाळावरचा काळा नकाशा
कडांनी विरला, मधे अजून आहे.
ट्यूब संपली की कात्रीने मधोमध कापते,
आतलं बोटाने निपटून
हातांच्या पाठीला लावते, तेही उन्हातलेच.

रविवारी फोटोची काच पुसताना
माझं तोंड त्याच्या तोंडावर येतं.
त्याची आई नाही दिसत आता.
थोरली बहीण, फार तर.
बायको व्हायला अजून एक उन्हाळा जाईल,
कदाचित दोन. कदाचित नाहीच.

टाकी अजून अर्धी आहे,
तरी मी नंबर लावून ठेवलाय.