एक चौकोन ळसाठी

आठ बाय आठ. चौसष्ट ठिपक्यांत एक अक्षर.
क बसला, त बसला, हसुद्धा पाय दुमडून बसला.
ळ बसेना.
दोन्ही गाठी नीट मारल्या की मधली फट बुजते
आणि पडद्यावर उरतो चिरडलेला मुंगळा.

इरफान दिवसा जेल रोडवर मोबाइल उघडतो,
रात्री माझ्याकडे हा तीस वर्षं जुना जपानी खेळ:
चौकटींचं रणांगण, पाळीपाळीने चाल,
टेकडीवर उभं राहिलं तर बाण लांब जातो,
आणि मेलेला शिपाई पुढच्या लढाईत नसतो.
त्याला मराठी येत नाही. मला कोड येत नाही.
‘भिया, ल चला लो. इंदौर में कौन बोलता है इसको?’

बरोबर आहे.
रामबागेत आमचीच पोरं शाला म्हणतात, डोला म्हणतात.
विजेच्या बिलावर मी जन्मभर पलसुले आहे.
पण पहिल्याच पाटीवर ‘खेल सुरू’ वाचलं
आणि माझ्याच दारात मला कुणी
‘किससे मिलना है?’ विचारल्यासारखं झालं.

तीन रात्री गेल्या.
मग एकच ठिपका काढला, डावीकडचा, खालून तिसरा,
आणि त्याला श्वास घेता आला.
आता ठेवायला जागा नाही, अक्षरांचा तक्ता गच्च.
इंग्रजी क्यू कुठेच लागत नाही म्हणून त्याला उठवलं,
त्याच्या पाटावर ळ.

मरताना इथे प्रत्येकाला एक ओळ मिळते.
तिरंदाज मुलीच्या ओळीला चारच घरं.
मी लिहिलं: येते.
‘मर रही है ना? फिर आती हूँ कैसे?’
म्हटलं, आमच्याकडे उंबऱ्यावर ‘जाते’ कुणी म्हणत नाही.
तो बराच वेळ गप्प. चाचणी बाजूलाच राहिली,
तीच लढाई सहा वेळा खेळला, तिला टेकडीवरून न हलवता.
सातव्यांदा ती गेलीच, दलदलीत, विषाने.
तेव्हा त्याने ते दोन अक्षरी वाक्य
हलक्या आवाजात, चुकीच्या जागी जोर देऊन वाचलं.

पहाटे अडीच. खेळ बंद करायला गेलो
तर बाहेर पडायची पाटी भाषांतरातून सुटलेली,
अजून इंग्रजीच, क्विट,
आणि क्यूच्या जागी ळ,
सगळ्यांच्या पुढे, ताठ.
मराठीत एकही शब्द ज्याच्यापासून सुरू होत नाही, तो.

‘ठीक कर दूँ?’
राहू दे, म्हटलं.
तो अंधारात चप्पल शोधत होता.