दुसरी पंगत, टेबल सेहेचाळीस

पहिली पंगत सव्वासहाला, दुसरी साडेआठला.
ज्यांना जेवताना सूर्य बुडालेला बघायचा असतो
ते हट्टानं दुसरी मागतात,
आणि ट्रॉम्सोच्या अलीकडेच त्यांना कळतं
की जूनमध्ये तो इथे बुडतच नाही.

टलॉकबाई दुसऱ्या पंगतीच्या. शेटलंडच्या.
टाइनच्या धक्क्यावर जहाज सुटलं तेव्हा
माझ्या यादीत दोन नावं होती,
इझबेल आणि मॅग्नस.
आल्या एकट्याच,
हातात कार्डं मात्र दोन.

साठ दिवसांच्या आत रद्द केलं तर पैसे परत नाहीत.
मॅग्नस गेला एकोणसाठाव्या दिवशी.
"आयुष्यभर उशिरा यायचा," बाई म्हणाल्या,
"इथेही एकच दिवस चुकला."
शुल्क भरून बहिणीचं नाव घालता आलं असतं.
"ती घोरते. आणि ही जागा त्यानं निवडली होती."

जागा म्हणजे आतली केबिन, चौथा मजला,
जहाजाच्या बरोब्बर मध्यावर, जिथे हेलकावे कमी.
चाळीस वर्षं त्यानं हेरिंग धरली
आणि चाळीस वर्षं कठड्यावरून ओकला.
बाल्कनीचे जादा नऊशे पौंड ऐकून म्हणाला होता,
"समुद्र बघायचे पैसे?
न बघायचे किती देता?"

केबिनला खिडकी नाही.
बाई टीव्ही लावून ठेवतात, आवाज बंद,
जहाजाच्या नाळेवरच्या कॅमेऱ्याची वाहिनी:
राखाडी पाणी, राखाडी आभाळ, रात्रभर.
केबिन आवरणारा योहानेस सांगतो,
दुसरी उशी दबलेली नसते,
तरी मी तिच्यावर रोज चॉकलेट ठेवतो.
भाडं दोघांचं आहे.

तिसऱ्या रात्री पोशाखाचं जेवण.
पुरुषांना जाकीट सक्तीचं, नसेल त्यानं वर बुफेत जावं.
बाईंनी आणलं एक, कोपरांवर चकाकी आलेलं,
आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं.

आमचा मुख्य वाढपी पोर्तोचा, कलमांचा पक्का.
वाकून म्हणाला, मादाम, लीड्सचं एक जोडपं
केव्हाचं ताटकळलंय, ही खुर्ची जर...

"पैसे भरलेले आहेत. जाकीट घातलेलं आहे.
आणखी काय लागतं?"

पानावरून माणूस उठवायचा तर कलम लागतं.
त्यानं शोधलं. नव्हतं.

मी वही काढली, आणि तोंडातून निघून गेलं,
साहेबांना काय आणू?
बाई जराही दचकल्या नाहीत.
"सूप. मासा नको.
मासे खाणाऱ्यांची त्याला कीव यायची."
सूप निवलं. साय धरली. मी उचलून नेलं.

माझी केबिन पाण्याच्या रेघेखाली, चौघांत एक मोरी.
आतली हवी की बाहेरची, हे आम्हाला विचारत नाहीत.
इलोइलोला माझं ताट मांडायचं
बायकोनं तिसऱ्या करारानंतर सोडलं.
धाकटा माझ्या खुर्चीवर दप्तर टाकतो.
तिची चूक नाही,
नऊ नऊ महिने कोण जागा अडवून ठेवील?
पण पैसे मी दर पंधरवड्याला पाठवतो.
म्हणजे त्या खुर्चीचं भाडं
भरतंय कोणीतरी.

शेवटच्या सकाळी काउंटरवर रांग लागते,
टीप कापू नका म्हणणाऱ्यांची.
माणशी रोजचे चौदा पौंड आपोआप लागतात.
मुलगी स्वतःहून म्हणाली, साहेबांचे काढून टाकते.
"राहू दे," बाई म्हणाल्या,
"त्यानं एकदाही ताट परत पाठवलं नाही."

जाकीट हातावर टाकून उतरल्या.
खिसे फुगलेले,
दहा रात्रींची चॉकलेटं.

चारला नवी यादी आली.
सेहेचाळीसवर दोन नावं.
दोघंही आले.
बसायच्या आधीच म्हणाले,
इथे नको, खिडकीपाशी काही आहे का?